दार उघड, पोट्टे!

तिसऱ्या लाथेनंही कडी तुटेना, तशी यशदीपनं लोखंडी सळई उचलली. पंडरी भागातल्या एका स्टुडिओत त्याची बहीण चेतना त्याला न विचारता स्वतःचं गाणं रेकॉर्ड करत होती. "दार उघड, पोट्टे! तुले गायिका मीच बनवलं! माह्या ऑर्केस्ट्राशिवाय कुठंच गायचं नाही!" आतून ती ओरडली, "नाही उघडत!" त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार फुटलं. त्यानं तिला झिंज्या धरून फरफटवलं, ओठ फुटेस्तोवर मारलं, माइक सळईनं ठेचला. रेकॉर्डिंग तोवर चालूच होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. उन्हाळ्यात मामेभावाच्या वरातीत डीजेनं चेतनाचं नवं गाणं लावलं. धाड, धाड, धाड! दारावरच्या लाथांचाच ठेका, त्यावर यशदीपचाच आवाज, "दार उघड, पोट्टे!" नाचणाऱ्या साऱ्या बाया एका सुरात गरजल्या, "नाही उघडत!" सगळ्यात मोठ्यानं ओरडली त्याची बायको.