कोर

ग्रहणाला घाबरून दारंखिडक्या लावून बसणाऱ्यांना मैदानात आणण्यात खगोलशास्त्राच्या प्राध्यापकांची सगळी हयात गेली. परवा मात्र मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ग्रहण बघायचे चष्मे कमी पडले, तेव्हा त्यांनीच माइकवरून सांगितलं, "एकमेकांना देऊन बघा!"

आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्राध्यापकांच्या नातीच्या डोळ्याच्या आतला फोटो पडद्यावर लावला. मधोमध भाजल्याचा बारीक डाग होता, कापलेल्या नखासारखा वाकडा. दुसऱ्या डोळ्यातही तसाच.

"चष्म्याशिवाय कधी बघितलंस, बाळा?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं तोंड उघडायच्या आधीच प्राध्यापकांना उत्तर कळलं होतं. सूर्याची एवढीच कोर उरली होती, तेव्हा ते माइकवर गळा फाडून ओरडत होते, "बघा, आत्ता बघा! जन्मात पुन्हा दिसणार नाही!"

"तेव्हा चष्मा मैत्रिणीला दिला होता," नात म्हणाली.

प्राध्यापकांनी तोंड फिरवलं. आजोबा रागावले असं वाटून तिनं त्यांचा हात धरला.

"पण तुमचं चुकलं हं, आजोबा. मला ते अजून दिसतंय. जिकडे बघते तिकडे."