माती कुणी दिली

“शिवानंदला माती कुणी दिली?”

शिलाई मशीनवरचा चन्नप्पाचा पाय थांबला. शाळेच्या गणवेशाची बाही सुईखाली तशीच राहिली. मुलगा जाऊन अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्याच्या बायकोनं, काशम्मानं मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

“हे काय मदीच?” तो म्हणाला.

“सांगा की.”

मुलगा अपघातात गेला तेव्हा डॉक्टरांनी तिला घाबरेपणावरची गोळी दिली होती. थोड्या दिवसांपुरती म्हणून सुरू झालेली ती गोळी मग सुटलीच नाही. काशम्मा शांत असायची. भाकरी थापायची, सदऱ्यांना काजं-बटणं करायची, विचारलं तेवढंच बोलायची. यंदा उन्हाळ्यात, ‘आता काय गरज हाय’ म्हणत चन्नप्पानंच गोळी आणणं बंद केलं. काही दिवसांतच ती थरथरायला लागली आणि झटका येऊन मोरीत पडली.

डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या. “एवढ्या वर्षांची गोळी अशी एकदम तोडतात का? जीव गेला असता यांचा. आधी पुन्हा सुरू करू, मग थोडी थोडी उतरवू. कितीही महिने लागू देत. त्रास वाढला तर मला सांगायचं, आहे तिथंच थांबू.”

गोळी उतरत गेली तशी काशम्मा दचकायला लागली. झोप तुटायची. भवानी पेठेतल्या यंत्रमागांचा खडखडाट तिला अचानक सोसेना. आणि आज तिनं हे विचारलं.

“गोळी कमी केल्यानं व्हतंय तुला,” चन्नप्पा म्हणाला. “बाईंकडं जाऊ उद्या.”

“जाऊ की. पर हे गोळीनं न्हाय. माझा पोरगा हाय त्यो. त्याला नेताना मी कुटं व्हते?”

“हितंच. आतल्या खोलीत. सुई देऊन झोपवलं व्हतं तुला.”

“कुणी सांगितलं झोपवायला?”

चन्नप्पानं मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. “मी. तुझं रडणं मला ऐकवत नव्हतं.”

काशम्मा उठली. मग तिनं चपला घातल्या.

“चला. दावा मला.”

लिंगायतांच्या स्मशानभूमीत ऊन कलत होतं. चन्नप्पा भिंतीच्या कडेनं पुढं गेला, थांबला, परत मागं आला. पुरलेल्या जागांवरचे जुने उंचवटे खचून जमिनीला मिळत आले होते. त्यानं एकाकडं बोट केलं, मग शेजारच्याकडं.

“यातलं कुटलं?”

“कळंना.” त्यानं बोट खाली घेतलं. “माती मीच दिली. दिली आन् तसाच पळत घरी आलो. परत कदी पाय ठेवला न्हाय हितं.”

काशम्मा त्या दोन उंचवट्यांच्या मधे बसली. एक हात तिनं या मातीवर ठेवला, एक त्या मातीवर.

“बसा,” ती म्हणाली. “आता घरी पळायचं न्हाय.”