सातवा नमुना

"करपट," जीभसाहेब म्हणाले आणि त्यांनी चमचा पाण्याच्या पेल्यात विसळला.

हा पाचवा नमुना. आधीचे चार 'कागद', 'औषध', 'गंज' आणि नुसतं 'शी' एवढ्या शेऱ्यांवर बाद झाले होते. जीभसाहेब म्हणजे कॉफी कंपनीचे मुख्य चाखणारे. त्यांची जीभ वळेल तिकडे कंपनी वळायची. मॅनेजर, विक्रीप्रमुख आणि जाहिरातवाले त्यांच्यामागोमाग चाखत, त्यांच्यामागोमाग तोंड वाकडं करत आणि त्याच पेल्यात चमचे विसळत.

सगळ्या झटपट कॉफ्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी आठ महिने खपून केलेल्या. आज एकही पसंत पडली नाही तर प्रयोगशाळेला कुलूप आणि ताईंना नारळ. घर त्यांच्या एकटीच्या जिवावर चाललेलं. बिचाऱ्या भिंतीला टेकून कोटाचं बटण पिळत उभ्या होत्या.

सहावा नमुना. "फडकं," साहेब म्हणाले.

साहेबांनी चमचा विसळला. मॅनेजरशी बोलता बोलता तो तसाच भरून उचलला आणि सुर्रकन ओढला. अगं बाई! विसळायच्या पेल्यातलं पाणी! चौघांचे चाटलेले चमचे त्यात सहा-सहा वेळा बुडाले होते. पाणी चांगलं तांबूस झालं होतं.

ताई ओरडणार, तोच साहेबांनी डोळे मिटले. "ही! अहो, ही खरी कॉफी!"

मग काय विचारता! तिघांचे चमचे पेल्यात पडले. "वा!" "काय वास आहे!" "हिच्यात आपलेपणा आहे हो," जाहिरातवाले गहिवरले. बघता बघता पेला रिकामा झाला.

"हा कितवा नमुना, ताई?" मॅनेजरांनी विचारलं.

खरं सांगावं, तर साहेबांची अब्रू जाणार. आणि साहेबांची अब्रू गेल्यावर ताईंची नोकरी थोडीच राहणार!

"सातवा," ताई म्हणाल्या.

"आणखी एक पेला करून आणा. मंजुरीच्या कागदावर लगेच सही करतो," मॅनेजर म्हणाले.

ताईंनी आत जाऊन सहाही बरण्यांतली चिमूट चिमूट गरम पाण्यात टाकली आणि देवाचं नाव घेत पेला बाहेर आणला. चौघांनी चाखली. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"जवळपास आहे. पण मघाची मजा नाही. काहीतरी राहिलंय."

मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं. ताईंनी चौघांच्या हातातल्या चाटलेल्या चमच्यांकडे पाहिलं.

"साहेब, ढवळायची राहिली. ही चौघांनी आपापल्या चमच्यानं ढवळायची असते."

चौघांनी आळीपाळीनं, अगदी मनापासून ढवळली. साहेबांनी घोट घेतला. "आत्ता कशी जमली!"

मॅनेजरांनी टोपण काढलं आणि ते थबकले. "पण ताई, तुम्ही कुठे चाखलीत? करणारीनं प्यायल्याशिवाय मी सही करायचा नाही." त्यांनी तोच पेला पुढे सरकवला.

ताईंनी पेल्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मनातल्या मनात चौघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, श्वास रोखला आणि मोठा घोट गिळला.

मेली खरंच चांगली झाली होती.