राउटरवरचा रुमाल

“राउटरवर रुमाल कुणी घालतं का, आई? नेट गुदमरतंय त्याखाली!” रास्तकोने आईने क्रोशाने विणलेला रुमाल खस्सकन ओढून जमिनीवर टाकला. त्यांच्या निश शहरात घरोघरी टीव्हीवर असतो, तसलाच. टोरांटोच्या मावशीशी लॅपटॉपवर बोलताना कॉल सारखा तुटत होता. आईने ओशाळून तो उचलून मांडीवर घेतला. लिनक्सच्या सेटिंगमध्ये शिरल्यावर त्याला खरा चोर सापडला: बॅटरी वाचवायला वायफायला मधूनमधून झोपवणारी सोय. ती त्यानेच मोठ्या हुशारीने चालू केली होती. त्याने ती गुपचूप बंद केली आणि कॉल लावला. “आज तुकड्यातुकड्यांनी नाही, अख्खी दिसतेस गं!” मावशी हसली. “माझाच रुमाल आड येत होता. लेकाने बरोबर पकडलं,” आई कौतुकाने म्हणाली. खरं सांगायला रास्तको वळला. आईने मांडीवरचा रुमाल अर्धा उसवलाही होता. त्याने निमूटपणे दोऱ्याचं टोक धरून गुंडा गुंडाळायला घेतला.