मोटरमागचा स्क्रू

"एकदम टकाटक कंडिशन," असं म्हणून विकणाऱ्याने गळ्यात मारलेल्या सिंथेसायझरच्या पोटातून एक वाळकं झुरळ, दोन टाचण्या आणि कुणाचा तरी दुधाचा दात निघाला. बटण्याने सगळा ऐवज कागदावर मांडला आणि बायकोला दाखवला.

"दात ठेवून दे," ती दारातूनच म्हणाली. "पुढेमागे आपल्याकडेही पडतीलच."

तिला सातवा महिना लागला होता. जुन्या यंत्रांनी भरलेल्या त्या मागच्या खोलीत तिला आता शिरताही येत नव्हतं.

बटण्या हे मित्रांनी ठेवलेलं नाव. समोर बटण दिसलं की ते फिरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जुन्या बाजारातून काहीतरी उचलून आणायचं, पट्ट्यांखालची धूळ ब्रशने काढायची, कॅसेटप्लेअरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, आणि ते पुरतं नीट होण्याआधी दुसऱ्याच्या मागे लागायचं. घरातल्या या स्टुडिओत अजून एक गाणं पुरं झालं नव्हतं.

या वेळी मात्र त्याने मनावर घेतलं होतं. येणाऱ्या बाळासाठी अंगाई करायची. सूर सिंथेसायझरचे, आणि मधे बाळाच्या आजोबांचा आवाज.

बटण्या रांगत असताना त्याचे बाबा परदेशी कारखान्यात कामाला गेले होते. तो शाळेत जायला लागला तेव्हा त्यांची एक कॅसेट आली. त्यानंतर काहीच आलं नाही, बाबाही नाहीत.

"बाळा, मी बाबा बोलतोय. जेवलास का? आईला त्रास देऊ नकोस." जाड, भारदस्त आवाज, आणि मागे कारखान्यातल्या कुठल्याशा अजस्र यंत्राची संथ धडधड. लहानपणी ताटावर बसलं की आधी कॅसेट, मग घास. बाबांचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आवाज मात्र तोंडपाठ होता, आणि बाबा म्हणून त्याच्याजवळ तेवढंच होतं.

ती कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरवरच वाजवायची आणि त्यात दुसरी कॅसेट घालायची नाही, हा आईचा दंडक. "दुसऱ्या मशीनने फीत खाल्ली तर दुसरी कुठून आणणार?" असं ती म्हणे. म्हणून इतकी यंत्रं उघडणाऱ्या बटण्याने घरच्या टेपरेकॉर्डरला कधी हात लावला नव्हता.

पण नेमक्या याच आठवड्यात तो बंद पडला. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. आज तो टेबलावर उघडा पडलेला पाहून आई शिवणयंत्रावरून उठून आली.

"पट्टा बदल आणि झाकण लाव, बाकी कशाला हात लावू नकोस, चांगला वाजत होता, आहे तसा राहू दे."

हे सगळं एका दमात. आईची जीभ कात्रीसारखी चाले. शिवायला टाकणाऱ्या बायका तिचं अर्धं बोलणं ऐकत आणि अर्धं अंदाजाने समजून घेत.

"अगं, उघडलाच आहे तर जरा तपासतो."

"तपासू नकोस! मिक्सरही तपासायलाच घेतला होतास ना?"

स्वयंपाकघरातला तो मिक्सर अजून सुटा होऊन माळ्यावर पडला होता. आई गेली. पलीकडच्या खोलीत शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं, पण आज ते सारखं थांबत होतं, परत चालू होत होतं.

नवा पट्टा बसला. आता बाबांची कॅसेट लावायची, की आधी वेग तपासायची कॅसेट? आईचा दंडक आठवला, पण हात शिवशिवत होते. त्याने तपासणीची कॅसेट घातली. तिच्यात नुसता एक सरळ सूर असतो. यंत्र बरोबर चालत असेल तर त्याला जोडलेल्या मीटरचा काटा मधोमध थांबतो.

काटा पार खाली पडून राहिला. टेपरेकॉर्डर अक्षरशः रखडत होता, आणि फीत रखडली की आवाज जाड आणि संथ होतो.

म्हणजे जन्मभर आपण ऐकला तो बाबांचा खरा आवाज नव्हताच! आणि बाळालाही तोच खोटा ऐकवणार होतो!

मोटरच्या मागे वेग जुळवायचा बारीक स्क्रू असतो. त्याने वाकून पाहिलं. स्क्रूची खाच खरवडलेली होती. कुणीतरी तो फिरवला होता. आईने टेपरेकॉर्डर सेकंडहँडच घेतला होता, तेव्हा हा आधीच्या मालकाचा प्रताप असणार. बटण्याने त्याला मनातल्या मनात शिव्या हासडल्या.

त्याचे सगळे स्क्रूड्रायव्हर जाड निघाले. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला, बॉबिनची पेटी आवळायचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर त्याने हळूच उचलून आणला. तो खाचेत चपखल बसला. काटा थरथरत वर आला आणि मधोमध थांबला.

"आई!" तो ओरडला. "लवकर ये! वेग दुरुस्त केलाय. आता बाबांचा खरा आवाज ऐक!"

शिवणयंत्र थांबलं. आई दारात आली तेव्हा त्याने कॅसेट घातलीही होती.

"लावू नकोस रे," ती म्हणाली. इतकं सावकाश बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं.

पण बटण दाबून झालं होतं. आधी ते मागचं यंत्र सुरू झालं. त्याची धडधड आता हलकी आणि चपळ झाली होती, खटखट, खटखट. आई परत शिवायला बसली असं वाटून बटण्याने मान वळवली. आई दाराची चौकट धरून तिथेच उभी होती.

मग स्पीकरमधून तीच, कात्रीसारखी भरभर, बोलू लागली: "बाळा, मी बाबा बोलतोय. जेवलास का?"