नोखायाचा मासा

मुख्याध्यापकांनी माइक नोखायाच्या तोंडाशी नेला. "बोला माय, तुमच्या माशाचं नाव सगळ्या गावाला ऐकू द्या."

नोखाया पाऊलभर मागं सरली. साठीची विधवा बाई, डोक्याला फडकं, खांद्यावर शाल. मागच्या पडद्यावर मासा केवढा थोरला दिसत होता. खरा तो अंगठ्याएवढा. ओहोटीला खडकावरचे शिंपले खरवडताना तिनंच तो पाहिला होता आणि जॅमच्या बाटलीत व्हिनेगर ओतून आणून दिला होता. जगातल्या कुठल्याच पुस्तकात तो नव्हता.

शेजारी उभी असलेली लिंडेका शहरातल्या संग्रहालयात माशांचं काम करायची. नोखायानं ती बाटली तिच्याच हातात दिली होती आणि दोन वर्षं तिनं त्या माशाच्या परांतले काटे भिंगाखाली मोजले होते. साहेबांना माशाला केपटाउनच्या एका देणगीदाराचं नाव द्यायचं होतं. त्यांच्याशी भांडून तिनं नोखायाचं आडनाव लावून घेतलं. या कामात ज्याचा मान करायचा त्याचं आडनाव द्यायची रीतच आहे.

"मबांडला, माय," ती कुजबुजली. "घाबरताय कशाला? तुमचंच तर आडनाव."

नोखायानं मान खाली घातली. पहिल्या रांगेत तिचे दीर आणि चुलतसासरे काठ्यांवर हनुवट्या टेकून तिच्याकडेच बघत होते. मागून एक पोरगी फिदीफिदी हसली. "आजीला वाचता येत नाय!"

लिंडेकाची नजर पहिल्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्यांकडं गेली, तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मबांडला हे नोखायाच्या आजेसासऱ्यांचं नाव. पुढं तेच घराण्याचं आडनाव झालं. इथल्या खोसा लोकांत घरची सून सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढत नाही. लिंडेकाच्या आईनंही जन्मभर काढलं नव्हतं. लेक शहरात वाढली, शिकली आणि नेमकं हेच विसरली. काय जाळायचंय असलं शिक्षण!

"मला नाय घेता येत," नोखाया माइकवर एवढंच बोलली आणि खाली उतरली. टाळ्या तरीही वाजल्या.

लिंडेकानं तिला फाटकापाशी गाठलं. "माय, माझं चुकलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"बदलता येतंय का?"

"नाही. एकदा छापलं की कायमचं."

"म्हणजे नातीनं विचारलं, आजे, तुझा मासा कुठला, तर मी मुक्यावाणी बसायचं."

लिंडेकाला रडू आवरेना. "तुमचं माहेरचं नाव काय हो, माय? नोखाया तर सासरी आल्यावर ठेवलेलं ना?"

"आत्ता विचारतेयस होय?" नोखायानं शाल आवळून घेतली. मग खाली समुद्राकडं बघत म्हणाली, "आज पहाटेच्या ओहोटीला आणखी एक गावला. एवढासाच, पण शेपटीला निळी कड. एवढी वर्षं शिंपले काढतेय, असला कधी पाहिला नाय."

लिंडेकानं झटकन डोळे पुसले. "कुठं आहे तो?"

"बादलीत हाय, जिता. तुझ्यासाठीच ठेवला होता." नोखाया चालू लागली. "आता जाऊन पाण्यात सोडते."