निवांत दहा मिनिटं

मायदेशाचा अखेरचा निरोप घेणं ही फार गंभीर गोष्ट असते. तिला दहा मिनिटं निवांत लागतात आणि कसबा बावड्यात तेवढी कुणाला मिळत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

अठ्ठ्याहत्तर साली कृष्णात सोळा वर्षांनी जर्मनीहून घरी आला, तेव्हा त्याला या अडचणीची कल्पना नव्हती. तिकडं ओतकामाच्या कारखान्यात त्याचं बस्तान बसलं होतं. बायको तिकडचीच होती, नागरिकत्वही तिकडचंच घेऊन झालं होतं. आता पुन्हा यायचं नाही, हे त्यानं ठरवलं होतं. असली गोष्ट आईला पत्रानं कळवणं बरं नव्हे, तोंडावर सांगावी, हेही ठरवलं होतं. तेवढ्यासाठी आठवड्याची रजा काढून तो आला होता.

जर्मनीत महत्त्वाचं बोलणं आधी कळवून करतात. म्हणून आल्या संध्याकाळीच तो आईला म्हणाला, "आक्का, उद्या सकाळी तुझ्याशी जरा एकट्यात बोलायचंय."

"बोल की," आक्का म्हणाली आणि शेजारी ताक देऊन यायला म्हणून उठली. ताक द्यायला तिला बराच वेळ लागला.

सकाळी चहाची कपबशी खाली ठेवून कृष्णातनं घसा खाकरला, तोच शेजारचे हुसेनचाचा येऊन उंबऱ्यावर बसले. चाचांचं गाद्या भरायचं दुकान होतं आणि एरवी ते दुकान सोडून पाणी प्यायलाही उठत नसत. जर्मनीत गादीत काय भरतात, असं त्यांनी विचारलं. कृष्णातनं फोम म्हणून सांगितलं. मग चाचांनी कापसाची बाजू मांडायला घेतली, ती दुपारच्या जेवणापर्यंत मांडली.

ते उठले आणि अंबूबाई सूपभर लसूण घेऊन सोलायला आल्या. आमच्यात उजेड न्हाय, म्हणाल्या. त्यांचं घर या घरापेक्षा उजेडाचं होतं. पण सोळा वर्षांनी आलेल्या माणसानं ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या पहाटे आक्का म्हशीची धार काढायला उठली, तसा कृष्णात तिच्या मागोमाग गोठ्यात गेला. तिथं पलीकडची चिमणाबाई रेडकू धरून उभी होती. रेडकू खुंट्याला बांधलेलं होतं. तरी ती धरून उभी होती.

मग त्यानं राधानगरीचं धरण दाखवायच्या निमित्तानं भाड्याची मोटार केली. आक्काला आत बसवून तो पलीकडच्या दारानं चढेपर्यंत रानशेजारी पिराजी बायकोसकट येऊन तिला चिकटून बसला होता. धरण बघायचं लई मनात हुतं, तेवढंच ऱ्हायलंतं, म्हणाला. ऐन तरुणपणी त्यानं याच धरणावर दगड वाहिले होते, हे परतताना समजलं. त्यानंच वाटभर सांगितलं.

पाचव्या दिवशी कृष्णातचा संयम संपला. उंबऱ्यावर चाचा, सोप्यात अंबूबाई, चुलीपाशी आणखी दोघीतिघी होत्या. त्यानं सगळ्यांना मिळून सुनावलं की तुम्हाला कामधंदा नाही का, हा देश मागं राहिला तो यानंच, तिकडं माणूस विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकत नाही.

चाचांनी ते मन लावून ऐकलं. "मग तिकडं एकटं माणूस आजारी पडलं, तर कुणाला कळतंय कसं?"

दवाखान्याला फोन करतात, असं कृष्णात म्हणाला.

"त्या माणसानंच करायचा?"

"हो."

"बरं हाय की," चाचा म्हणाले आणि मांडी बदलून बसले.

कृष्णातनं आक्काकडे पाहिलं. आक्का खाली मान घालून भाकरी थापत होती. तिनं नुसतं म्हटलं की बोल की रं काय ते, सगळी घरचीच हाईत. पण "मी आता परत येणार नाही" हे वाक्य लसूण सोलणाऱ्या बाईसमोर त्याच्या तोंडून निघेना.

निघायच्या दिवशी टेंपो भरून माणसं स्टेशनवर आली. आक्काच्या भोवती बायकांचं असं कडं होतं की तिच्या पाया पडायलासुद्धा त्याला तिघींना बाजूला करावं लागलं. आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. तेवढ्यात पिराजीनं त्याला ओढून डब्यात चढवलं.

गाडी हलली. कृष्णात दारातून वैतागून म्हणाला, "आक्का, बोलायचं राहिलंच बघ. आता तेवढ्यासाठी पुढच्या वर्षी खेप करावी लागणार मला."

"ये की," आक्का म्हणाली.

टेंपो माघारी आला. बावड्यात उतरल्यावर हुसेनचाचांनी दोन्ही हातांनी कंबर धरली आणि दुकान उघडायला निघाले. जाता जाता म्हणाले, "लई जपलं बघा आक्का. एकदाबी बोलू दिलं न्हाय त्याला."

"व्हय," आक्का म्हणाली. "निरोपच घेतला न्हाय, मग गेला कुठं तो?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्का खुरपं घेऊन पिराजीच्या उसात भांगलायला गेली. गल्लीतली माणसं तिच्या घरी बसली होती, ती पैऱ्यानं, दिवसाला दिवस या बोलीवर. आता ज्याच्या त्याच्या रानात जाऊन तिला तेवढे दिवस फेडायचे होते. आणि माणसं बरीच आली होती.